कोल्हापुरी दिसायला झकास, पण पायाला मानवते का? वाडीला निघण्याआधी हे वाचा

पौर्णिमेला नृसिंहवाडीला दत्तदर्शन, येता-जाता कोल्हापुरात अंबाबाई आणि मग चप्पल लाईनमध्ये एक फेरी, हा बेत अनेक घरांत ठरलेला असतो. साडीवर, कुर्त्यावर, जीन्सवरही शोभेल अशी कोल्हापुरी घरी येते. दोन दिवसांत अंगठ्याला फोड येतो आणि चप्पल माळ्यावर जाते. बहुतेक वेळा गडबड मापात झालेली असते.

मुळात कोल्हापुरी पायाला का बसते, हे समजून घेऊ. अस्सल चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं आणि ती कातडी वादीने शिवलेली असते. असं कातडं अंगावरच्या उष्णतेने आणि वजनाने हळूहळू पायाचा आकार घेतं. रेक्झिनचे पट्टे चिकटवलेली चप्पल पहिल्या दिवशी जशी, तशीच वर्षभर राहते. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपुरा या आठ जिल्ह्यांपुरतं आहे. जून २०२५ मध्ये ‘प्राडा’ने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दाखवली, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा एवढा गदारोळ झाला तो यामुळेच.

आता खरेदीचं. चप्पल शक्यतो संध्याकाळी घ्या. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर झालेलं माप रात्री आवळतं. दोन्ही पायांत घालून बघा, कारण बऱ्याच जणींचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. बाळंतपणानंतर काहींच्या पायाचं माप कायमचं वाढतं, त्यामुळे लग्नाआधीचा नंबर सांगून चप्पल मागवू नका. उभं राहिल्यावर टाच मागे लोंबता कामा नये आणि करंगळी पट्ट्याबाहेर ढकलली जाता कामा नये. आडवा पट्टा सुरुवातीला थोडा घट्ट असलेला चालतो, तो सैलावतो. तळ मात्र वाढत नाही. ‘वापरून होईल मोठी’ हे दुकानदाराचं म्हणणं पट्ट्यापुरतंच खरं माना.

सगळ्यात जास्त लक्ष अंगठ्याकडे द्या. चपलेचा अंगठा म्हणजे ज्यात पायाचा अंगठा अडकतो ती कडी. आतून बोट फिरवा. शिवणीची गाठ किंवा कातड्याची धार लागली, तर फोड तिथेच येणार. नवी चप्पल पहिले काही दिवस घरात तास-अर्धा तास घाला, पट्ट्याला आतून तेलाचं बोट लावा. नवी कोरी चप्पल घालून थेट देवदर्शनाला निघणं म्हणजे आ बैल मुझे मार!

वाडीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. इथे पूजा पादुकांची, आणि आपली पादत्राणं मात्र बाहेर. बक्कल नसलेली कोल्हापुरी पटकन निघते, हे सोयीचं. (अर्धं लक्ष देवाकडे आणि अर्धं चपलेकडे राहू नये म्हणून फार भारी जोड घालून जाऊच नये, हे वेगळं.) पण कृष्णा-पंचगंगेच्या या संगमावर पावसाळ्यात नदी थेट मंदिरात येते, पादुकांवरून पाणी वाहतं आणि दक्षिणद्वार सोहळा होतो. त्या दिवसांत घाटाकडचे रस्ते ओले, निसरडे असतात. गुळगुळीत कातडी तळ ओल्या फरशीवर घसरतो आणि भिजलेलं कातडं फुगून आकार सोडतं. पावसाळ्यात मागे पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली रबरी सँडल घाला. आजकाल ती बऱ्या डिझाईनमध्येही मिळते. कोल्हापुरी दिवाळीनंतरच्या दिवसांसाठी ठेवा.

काही जणींनी मात्र हौस बाजूला ठेवलेली बरी. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखत असेल, तर अगदी सपाट, कडक तळाची चप्पल त्रास वाढवते. टाचेखाली मऊ थर आणि कमानीला आधार असलेला जोड हवा. उंच टाचाही नकोत, त्यात सगळा भार चवड्यावर येतो आणि अंगठ्याच्या मुळाशी गाठ असेल तर ती अधिक दुखते. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, तर अंगठ्याची कडी टाळाच. फोड झालेला कळत नाही, कळतो तेव्हा जखम झालेली असते. अशा आई-आजींना दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी नेऊ नका. सकाळी लवकर न्या आणि घरी आल्यावर त्यांचे तळवे उजेडात नीट बघा.

एवढं करूनही वळवाच्या सरीत कोल्हापुरी भिजलीच, तर उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, कातडं तडकतं. कोरड्या फडक्याने पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि सावलीत दोन दिवस राहू द्या. पूर्ण वाळल्यावर हलकं तेल लावा.