माळ्यावर सडणारा इतिहास

७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. ती कॅमेऱ्यात टिपण्यासाठी नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड केली. म्हणून तो जनसागर आज आम्हाला पाहता येतो. आणि आम्ही काय करतो आहोत?

१९९०-९१ च्या जन्मशताब्दी वर्षात वस्त्यावस्त्यांत वर्गणी काढून व्हिडिओ शूटिंग झाले. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्ताराचा जल्लोष, धम्म परिषदा, भीमगीतांचे सामने, बौद्ध पद्धतीची लग्ने, सारे व्हीएचएस कॅसेटवर उतरले. परवा एका विहाराच्या साफसफाईत अशा तेवीस कॅसेटी भंगाराच्या पोत्यात सापडल्या. दोघींवरच चिठ्ठी होती, ‘जयंती’. कोणत्या सालची, कुठली, काही नाही. सरकारी दफ्तरखाने आमच्या मोर्चांसाठी कपाट रिकामे करून बसलेले नाहीत. हे काम आमचेच आहे.

फितीवर लोहभस्माची भुकटी गोंदासारख्या द्रव्याने बसवलेली असते. चित्र असते ते त्या भुकटीत. दमट हवेत हा गोंद पाणी धरतो, फीत चिकट होते आणि यंत्रात घातली की भुकटी खरवडून निघते. भुकटी गेली की चित्र गेले, ते परत येत नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात वर बुरशीही चढते. पत्र्याखालचा माळा तर उन्हाळ्यात भट्टीच. तेव्हा कॅसेटी माळ्यावरून खाली आणा. घरातल्या थंड, कोरड्या कपाटात, ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. फीत अर्ध्यावर न सोडता एका टोकापर्यंत गुंडाळलेली असावी. स्पीकर आणि मोटार यांच्या शेजारी नको, त्यांत लोहचुंबक असते. कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून कुणी वर सिनेमा भरणार नाही. (आमच्या माहितीतल्या एका घरी धम्मदीक्षा सोहळ्यावर क्रिकेटचा सामना भरला गेला!) पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट लावून पाहण्याचा मोह आवरा. ती यंत्राला लागते आणि यंत्रातून पुढच्या कॅसेटला.

पण नुसते जपून भागणार नाही. व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनी, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. फीत शाबूत आणि यंत्र नाही, अशी पाळी येते आहे. चालू यंत्र आहे तोवर संगणकावर उतरवून घ्या, दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. मूळ कॅसेट मात्र फेकू नका.

विहारातल्या त्या पोत्यातली एक कॅसेट लागली. मिरवणुकीत निळा फेटा बांधलेला माणूस कोण, हे आम्हा कुणालाच सांगता येईना. शेवटी वस्तीतल्या एका आजींना बोलावले. त्यांनी एकामागून एक सोळा नावे सांगितली. आम्ही ती लिहून घेतली. उरलेल्या बावीस कॅसेटींसाठी आजींना येत्या रविवारी वंदनेनंतर पुन्हा बोलावले आहे.