तृणाची श्रीमंती

एखाद्या गोष्टीला क्षुद्र ठरवावयाचे झाल्यास आपण ती ‘तृणवत्’ लेखतो. भाषेतील हा अनादर आपल्या व्यवहारातही उतरला आहे. जेथे पीक नाही आणि झाडी नाही, ती जमीन ‘पडीक’, असा शिक्का आपण सहज मारतो. अशा शिक्क्याने केवढी हानी होते, हे जाणण्यासाठी आपल्या गुजरातेतीलच बन्नीच्या कुरणाकडे पाहावे.

कच्छ जिल्ह्यात, भुजच्या उत्तरेस, मोठ्या रणाच्या कडेला सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरांचा हा सपाट प्रदेश पसरला आहे. दक्षिणेकडील डोंगरांतून येणाऱ्या नद्यांनी येथे गाळ आणून टाकला व त्यावर गवत रुजले. जमीन खारट, पाऊस वर्षाकाठी सरासरी तीनशे ते साडेतीनशे मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. अशा ठिकाणी शेती तग धरीत नाही, परंतु गवत धरते. याचे कारण त्याच्या रचनेत आहे. झाडाचा वाढता कोंब शेंड्याशी असतो; बहुतेक गवतांचा मात्र जमिनीलगत, बुडाशी सुरक्षित राहतो. म्हणून गुरांनी पाती खाल्ली तरी ती पुन्हा फुटतात. अट एवढीच, की त्यांना फुटावयास अवसर मिळाला पाहिजे. तो न देता गुरे एकाच जागी चरत राहिली, तर मुळांचे बळ सरते आणि कुरण उजाड होते.

हे मर्म बन्नीच्या मालधारी पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ओळखले. ‘माल’ म्हणजे गुरेढोरे. ती बाळगणारा तो मालधारी. जेथे पाऊस पडला असेल तेथे कळप न्यावा, दुष्काळात दूरचा मुलूख गाठावा, ही त्यांची रीत. त्यामुळे चरलेल्या गवताला आपोआप विसावा मिळे. त्यांच्या म्हशी रात्री चरावयास जातात आणि सकाळी दुधासाठी घरी परततात. उन्हाचा ताप त्यामुळे टळतो. या बन्नी म्हशीला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली.

पाण्याची त्यांची युक्तीही विलक्षण आहे. सखल जागी पावसाचे पाणी मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर ते तरंगत राहते. तेथे उथळ विहिरी खणून, त्यांच्या कडा लाकूड व गवत यांनी बांधून मालधारी वरचेवरचे गोडे पाणी काढून घेतात. या विहिरींना ‘विरडा’ म्हणतात.

कुरण केवळ गुरांचे नसते. लांडगा, कोल्हा, खोकड आणि चिंकारा यांचेही ते घर आहे. बन्नीच्या कडेच्या छारी-ढंढ या पाणथळीवर हिवाळ्यात क्रौंच पक्ष्यांचे थवे उतरतात. २००८ साली तिला संरक्षण मिळाले.

मात्र १९६१ साली, रणाचा खारटपणा पुढे सरकू नये या हेतूने, येथे सुमारे एकतीस हजार हेक्टरांवर वेड्या बाभळीची लागवड झाली. हेतू चांगला होता, पण उपाय घातक ठरला. तिच्या गोड शेंगा गुरे आवडीने खातात. न पचलेले बी शेणावाटे दूरदूर रुजते. अशा रीतीने गुरांनीच आपले चराऊ रान गमावण्यास नकळत हातभार लावला. त्यातच नद्यांवर धरणे झाल्यामुळे खारटपणा धुऊन नेणारे गोडे पाणीही घटले. आज बन्नीचा फार मोठा भाग या काटेरी झाडीने व्यापला आहे.

मग ही झाडी तोडून टाकावी काय? नुसते तोडून भागत नाही. बुंध्यातून ती पुन्हा दाट फुटते. शिवाय तिच्या कोळशावर अनेक कुटुंबांची चूल पेटते. ती मुळासकट काढावी लागते, मोकळ्या झालेल्या जमिनीला पावसात गवत धरू द्यावे लागते, आणि कोणत्या भागाला किती काळ विसावा द्यावा हे तेथील पशुपालकांना विचारूनच ठरवावे लागते. असे केलेल्या जागी गवत परतते, हा अनुभव आहे.

विद्यार्थी मित्रहो, झाडे लावणे हे सत्कार्य खरे. परंतु कोठे लावावे याचा विवेक त्याहून मोठा. जमिनीच्या अंगी काय आहे हे जाणून न घेता केलेला उपकार अपकार ठरतो. दुष्काळात ज्या गवतावर गोठा जगतो, त्याला तृणवत् कसे म्हणावे?