झेल सुटतो कुठे?

केडगावातली डिसेंबरची सकाळ बोचरी असते. कांद्याच्या गोण्या लादलेल्या गाड्या नेप्तीच्या उपबाजाराकडे निघालेल्या असतात, रेणुकामातेच्या देवळाकडे जाणारं एखाददुसरं माणूस शाल सावरत चालत असतं, आणि मैदानावर पंधरा-वीस मुलंमुली दोन्ही हात काखेत दाबून उभी असतात. चेंडू अजून पिशवीतच असतो. क्रिकेट शिकवणारे सर म्हणतात, "आधी तळवे गरम करा. गार हाताला बॉल दगडासारखा लागतो, आणि एकदा लागला की हात दुसऱ्यांदा पुढे येत नाही." मग सगळी पोरं हात चोळू लागतात. बोटं उघडायची, मिटायची, मनगटं फिरवायची. चांगली पाच मिनिटं हेच चालतं.

मी या मैदानावर आलो तो माझ्या बारा वर्षांच्या मुलीमुळे. एका सामन्यात तिच्या हातून सोपा झेल सुटला. मैदानाबाहेरून आम्ही मोठी माणसं एकदम ओरडलो. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. त्यानंतर तिच्याकडे आलेल्या प्रत्येक चेंडूला तिने अंग चोरलं. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाबा, माझे हातच वाईट आहेत का?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून डिसेंबर ते मार्च, जमेल त्या सकाळी मी या सरांच्या सरावाला जाऊन बसलो. त्या तीन-चार महिन्यांत जे पाहिलं, ते लिहितो आहे.

सरांकडे शंभर पानी साधी वही आहे. झेल सुटला की मुलाच्या नावापुढे ते एक अक्षर लिहितात: 'डो', 'पा' किंवा 'हा'. डोळा, पाय, हात. त्यांचं म्हणणं असं, की चेंडू हातातून निसटलेला आपल्याला दिसतो, पण बहुतेक वेळा तो त्याच्या आधीच सुटलेला असतो. कुठे सुटला ते कळलं तर दुरुस्ती करता येते. नुसतं "नीट धर" म्हटल्याने मुलाला काहीच कळत नाही. नीट म्हणजे काय, तेच तर त्याला ठाऊक नसतं.

पहिल्या दिवशी वहीत सगळ्यात जास्त 'डो' पडले. जवळ बसून पाहिलं तेव्हा मला ते दिसलं. चेंडू हातापासून हातभर अंतरावर आला, की मुलं मान किंचित फिरवतात. काहींचे डोळे मिटतात. काहींची नजर चेंडू हातात यायच्या आधीच, तो पुढे कुणाकडे फेकायचा तिकडे जाते. यावर सरांचा उपाय अगदी साधा आहे. टेनिसच्या चेंडूंवर त्यांनी स्केचपेनने आकडे काढले आहेत. झेल घेणाऱ्याने चेंडू पकडता पकडता आकडा ओरडून सांगायचा. झेल सुटला पण आकडा बरोबर आला, तर सर शाबासकी देतात. झेल घेतला पण आकडा चुकला, तर तो झेल मोजत नाहीत. आठवडाभरात मुलांच्या माना फिरायच्या थांबल्या.

'पा'ची गोष्ट वेगळी. मूल जागेवर उभं राहतं आणि हात लांबवतं. चेंडू अंगापासून दूर, ताणलेल्या बोटांच्या टोकांवर येतो आणि उडतो. सर म्हणतात, "हात पाहुण्याला बोलवायला जात नाहीत, पाय जातात." उंच उडालेल्या झेलासाठी ते मुलांना आधी हात मागे बांधून पळवतात. चेंडू बरोबर आपल्या डोक्यावर येईल अशा जागी पोहोचायचं, थांबायचं, आणि तो शेजारी पडू द्यायचा. हात सोडायची परवानगी तिसऱ्या-चौथ्या दिवशी मिळते. तोवर पायांना जागा कळलेली असते. दोघे एकाच चेंडूखाली आले तर एकाने "माझा!" असं मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने बाजूला व्हायचं. न बोलता दोघे थांबले आणि चेंडू मध्ये पडला, तर वहीत दोघांच्याही नावापुढे खूण होते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते 'हा'ने. झेल घेणं म्हणजे चेंडूवर झडप घालणं, असंच मी आजवर समजत होतो. सर नेमकं उलट शिकवतात. चेंडू पोटाच्या पातळीला येत असेल तर करंगळीला करंगळी लावून बोटं जमिनीकडे करायची. छातीच्या वर येत असेल तर अंगठ्याला अंगठा लावून बोटं आभाळाकडे. बोटांची टोकं चेंडूकडे रोखायची नाहीत, नाहीतर बोट मोडतं. आणि चेंडू तळव्याला टेकला, की हात त्याच्याबरोबर मागे न्यायचे. अडवायचं नाही, येऊ द्यायचं.

यामागचं गणित नववीच्या विज्ञानात असतं. तिथे झेल घेताना हात मागे नेणाऱ्या क्षेत्ररक्षकाचंच उदाहरण दिलेलं असतं. सीझन बॉलचं वजन साधारण १६० ग्रॅम. तो ताशी ७२ किलोमीटर वेगाने आला आणि ताठ हातांनी ५ सेंटिमीटरच्या आत थांबवला, तर तळव्यावर सरासरी ६५ किलो वजनाएवढा दाब येतो. तोच चेंडू हात मागे नेत २० सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर दाब १६ किलोवर येतो. चेंडू तोच, वेग तोच, हात तेच. मधल्या १५ सेंटिमीटरच्या फरकाने हात चेंडूला ढकलून देतो की सामावून घेतो, ते ठरतं. ताठ हातातून चेंडू निसटतो याचं कारण हात कमकुवत असतो असं नाही. तो घट्ट असतो म्हणून.

रंगपंचमीच्या आधीच्या रविवारी सरांनी पाण्याने भरलेले फुगे आणले. जोड्या करून फुगे झेलायचे, प्रत्येक फेरीला एकेक पाऊल मागे सरकायचं. ज्यांचे हात ताठ होते ते पहिल्या दोन फेऱ्यांतच भिजले. माझ्या मुलीचा पहिला फुगा फुटला, दुसराही फुटला. तिसरा मात्र तिने पोटाशी आणत आणत असा घेतला, की आतलं पाणी डुचमळलं पण फुगा शाबूत राहिला. ती त्या फुग्याकडे कितीतरी वेळ पाहत होती. मऊ हात म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही तेव्हा कळलं.

आपल्या मातीत असे हात होऊन गेलेत. एकनाथ सोलकर हे हिंदू जिमखान्याच्या माळ्याचे चिरंजीव. मैदानाच्या कडेला वाढलेला हा मुलगा पुढे भारताचा शॉर्ट लेगचा आधार झाला. २७ कसोटींत ५३ झेल, म्हणजे कसोटीमागे जवळजवळ दोन. आणि तेही फलंदाजापासून चार पावलांवर, हेल्मेट न घालता. ऑगस्ट १९७१मध्ये ओव्हलवर वेंकटराघवनच्या गोलंदाजीवर त्यांनी पुढे झेपावून अ‍ॅलन नॉटचा झेल घेतला. इंग्लंडचा डाव १०१वर आटोपला आणि अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. महाराष्ट्राकडून खेळलेल्या यजुर्विंद्र सिंग यांनी १९७७मध्ये बंगळूरला पदार्पणाच्याच कसोटीत ७ झेल घेतले. आणि ऑगस्ट २०१५मध्ये गॉलला अजिंक्य रहाणेने एका कसोटीत ८ झेल घेतले. तोवर यष्टिरक्षक सोडून कुणालाही हे जमलेलं नव्हतं. रहाणेचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. सर मुलांना हे सांगतात तेव्हा पोरं सरसावून बसतात. त्यापाठोपाठ सर आणखी एक गोष्ट सांगतात: गॉलची ती कसोटी आपण हरलो. आठ झेल घेणाऱ्याचाही संघ हरू शकतो. आपल्या हातात आपला झेल तेवढा असतो.

स्लिपच्या सरावाला मैदानावरचा जुना रोलर उपयोगी पडतो. सर त्याच्या गोल पाठीवर चेंडू फेकतात, तो कुठेही वळून उसळतो आणि मागे ओणवी उभी असलेली मुलं तो टिपतात. मोठ्या क्रिकेटमध्ये बॅटची कड घेऊन ताशी १०८ किलोमीटरने निघालेला चेंडू १५ मीटरवरच्या स्लिपकडे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. तेवढ्या वेळात विचार होत नाही. हाताला जी सवय असेल तेच हात करतो. म्हणूनच सवय लावायची ती सावकाश, हळू चेंडूवर, आणि शेकडो वेळा.

झेल पकडला म्हणजे काम संपलं, असंही नाही. नियमाप्रमाणे चेंडूवर आणि स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा आल्याशिवाय झेल पुरा होत नाही. १३ जून १९९९ रोजी हेडिंग्लेवर, विश्वचषकात, दक्षिण आफ्रिकेच्या हर्शेल गिब्जने स्टीव्ह वॉचा झेल पकडला होता. आनंदाने चेंडू वर उडवायला गेला आणि ताबा येण्याआधीच तो हातातून निसटला. तेव्हा ५६वर असलेला वॉ नाबाद १२० करून परतला. पुढे तो विश्वचषक ऑस्ट्रेलियानेच जिंकला. म्हणून सर प्रत्येक झेलानंतर चेंडू दोन्ही हातांनी छातीशी आणायला लावतात, मनात "एक, दोन" म्हणायला लावतात आणि मगच पुढे फेकू देतात.

धरलेलं धरून ठेवण्याची ही विद्या अमेरिकन फुटबॉलमध्ये तर वेगळी शिकवली जाते, कारण तिथे समोरचा खेळाडू चेंडू हिसकावायलाच अंगावर येतो. न्यूयॉर्क जायंट्सचा टिकी बार्बर हा चेंडू घेऊन धावणारा उत्तम खेळाडू, पण २००० ते २००३ या चार हंगामांत त्याच्या हातून ३५ वेळा चेंडू निसटला. २००४मध्ये टॉम कॉफलिन प्रशिक्षक म्हणून आले आणि त्याची पकडच बदलण्यात आली. चेंडू उंच, छातीशी, अंगाला घट्ट. बोटं, तळवा, मनगट ते कोपर हा भाग, कोपराची खोबण आणि बरगड्या अशा पाच जागी चेंडूला आधार. २००५च्या हंगामात तो १,८६० यार्ड धावला आणि चेंडू एकदाच निसटला. हे वाचताना मला आपल्याकडच्या बायका आठवल्या. भरलेली कळशी कडेवर घेऊन चालणारी बाई हेच करते. कोपराच्या खोबणीत कळशीचा गळा, काठावर बोटं, कमरेचा टेकू. वाट खडबडीत असली तरी पाणी हिंदकळत नाही. वयाच्या तिशीपर्यंत पोहोचलेल्या नामवंत खेळाडूचीही पकड सुधारू शकते, तर बारा वर्षांच्या मुलीचे हात वाईट कसे असतील?

जानेवारीत केव्हातरी सरांच्या वहीत चौथं अक्षर आलं. माझ्या मुलीच्या नावापुढे त्यांनी 'भी' लिहिलं. मी विचारलं तर म्हणाले, "हिचा डोळा चांगला आहे, पाय चांगले आहेत, हातही येतोय. हिला बॉलची भीती नाही. सुटल्यावर लोक काय म्हणतील, त्याची भीती आहे. भ्यालेला हात आधीच ताठ होतो." मी खाली पाहिलं. ते लोक म्हणजे मीच होतो.

यासाठी सरांनी त्या दिवसापासून दोन नियम केले. झेल सुटला की मैदानावर कुणी "अरेरे" म्हणायचं नाही. ना मुलांनी, ना बाहेर बसलेल्या पालकांनी. आणि ज्याच्या हातून सुटला, त्यालाच लगेच दुसरा चेंडू द्यायचा, जरा सोपा, खांद्याखालून. तो घेतला की मगच बाकीच्यांची पाळी. सुटलेला झेल मनात मुरायच्या आत घेतलेला झेल हातात आला पाहिजे.

मार्चअखेरीस झालेल्या एका सामन्यात मिडविकेटला तिच्याकडे चेंडू उंच उडाला. ती पळाली, खाली पोहोचली, "माझा!" म्हणाली, आणि चेंडू हाताला लागून खाली पडला. मी ओठ घट्ट मिटून बसलो. तिने चेंडू उचलून फेकला, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले आणि पुन्हा गुडघे वाकवून उभी राहिली. तीन षटकांनंतर दुसरा चेंडू आला. या वेळी तिने अंग चोरलं नाही. हात पोटाशी आणत तिने तो घेतला, छातीशी धरला, आणि मोजले असावेत एक, दोन.

मैदानाच्या कडेला बसणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्या आईवडिलांना एकच विनंती आहे. मुलाच्या हातून झेल सुटला की तोंड उघडू नका. संध्याकाळी अंगणात जा, चेंडू घ्या, आणि त्याच्याकडे खांद्याखालून एक सोपा झेल फेका.