अंडे बदकाचे, ऊब कोंबडीची

बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवून पिले काढण्याची चाल जुनी आहे. त्याला कारणही तसेच आहे. वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देणारी खाकी कॅम्पबेल जातीची मादी अंड्यांवर क्वचितच बसते. तिचे काम कोंबडी करते खरे. पण बसणारी बदकाची मादी पोहून ओल्या पिसांनी परतते आणि अंड्यांना उबेबरोबर ओलावाही मिळतो. कोंबडी कोरडीच येऊन बसते. म्हणून जाणते लोक त्या अंड्यांवर कोमट पाणी शिंपडतात.

पैनगंगेकाठच्या भीमपूर भागात या ओलाव्याला विशेष महत्त्व आहे. तेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो आणि हवा कोरडी होते. थंडीत पहाटे तोच पारा १० अंशांखाली उतरतो. अशा हवेत बदकपालनाचा व्यवसाय करू पाहणाऱ्याने उबवणी यंत्र घेण्यापूर्वी अंड्याचा स्वभाव जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

बदकाचे पिलू २८ दिवसांत बाहेर येते. मस्कोव्ही जातीला सुमारे ३५ दिवस लागतात. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता राखावी लागते. अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवावीत. २५ व्या दिवसानंतर फिरवू नयेत. या काळात कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून अंड्यातील पाणी उडून जाते आणि रुंद टोकाशी हवेची पोकळी वाढते. पिलू पहिला श्वास त्या पोकळीतच घेते. पाणी फार कमी उडाले, तर पोकळी अपुरी राहते. फार उडाले, तर आतील पडदा वाळून पिलाला चिकटतो आणि ते कवचातच मरते. म्हणून आरंभी ५५ ते ६० टक्के आणि शेवटच्या तीन दिवसांत ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवतात.

उन्हाळ्यात आणखी एक संकट असते. साध्या यंत्रात तापविण्याची सोय असते, थंड करण्याची नसते. बाहेर ४२ अंश असता आतील उष्णता ३७.५ वर आणणे त्याला साधत नाही. शिवाय साठवणीतील अंडीही सुरक्षित नसतात. सुमारे २० अंशांवर अंड्यातील जीव वाढू लागतो आणि तापलेल्या खोलीत ती वाढ वेडीवाकडी होऊन तो दगावतो. यास्तव अंडी ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवावीत, आठवड्याच्या आत उबवणीस घालावीत आणि पिलांचा मोठा हंगाम शक्यतो कार्तिक ते माघ या काळातच साधावा. थंडीत पिलांना बाहेरून ऊब देणे सोपे असते. उन्हातून त्यांना वाचविणे कठीण.

अखेरीस एक विनंती. न फुटलेली अंडी उकिरड्यावर टाकण्यापूर्वी फोडून पाहावीत. पिलू चिकटलेले दिसले, तर पुढील खेपेस ओलावा वाढवावा. ते पाण्याने फुगलेले आणि पोकळी लहान दिसली, तर कमी करावा. २८ दिवसांचे कष्ट वाया गेले, तरी त्यांतून मिळालेला हा धडा वाया जाऊ देऊ नये.