नांगर सरकला हे फोनला कसं कळतं?

गेल्या जानेवारीत मित्राच्या शिडाच्या बोटीवर चार दिवस काढले. मुंबईहून निघालो, मांडव्याला पहिला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी खांदेरी-उंदेरी, कुलाबा, कोर्लई असे एकेक किल्ले डावीकडे-उजवीकडे टाकत मुरूडच्या दिशेने गेलो. वेग साधारण ५ नॉट्स, म्हणजे ताशी ९ किलोमीटर. सायकलवाला पुढे जाईल. पण घाई कोणाला होती?

दुसऱ्या रात्री राजपुरीच्या खाडीत, जहाजांच्या वाटेपासून बाजूला नांगर टाकला. जेवण झालं. मित्र म्हणाला, "तू इंजिनिअर ना? अँकर अलार्म लाव." मी पाच सेकंदांत लावला. आणि चुकीचा लावला. त्या चुकीतून जे शिकलो, ते आज सांगतो.

अँकर अलार्म म्हणजे काय?

नांगर तळाच्या चिखलात रुतलेला असतो. तो सुटला तर बोट हळूहळू वाहत जाते आणि झोपलेल्याला ते कळत नाही. अलार्मचं अॅप एक साधं काम करतं. नकाशावर एक केंद्र आणि एक त्रिज्या ठरवायची. फोन दर काही सेकंदांनी जीपीएसवरून आपली जागा बघतो. वर्तुळाबाहेर गेलात की भोंगा.

यासाठी इंटरनेट लागत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सिग्नल पाठवत राहतात आणि आपला फोन ते फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. रेंज गेली तरी जागा कळते. नकाशा मात्र आधी डाउनलोड केलेला हवा.

माझी चूक कुठे झाली?

रात्री अडीचला भोंगा वाजला. दोघंही धडपडत वर आलो. मित्राने किनाऱ्यावरचे दिवे पाहिले, पुढे जाऊन साखळीवर हात ठेवला आणि म्हणाला, "काही नाही रे, बोट फिरलीय फक्त."

शाळेत शिकलेलं आठवतंय? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. संध्याकाळी वाऱ्याने बोट नांगराच्या पूर्वेला ढकलली होती. रात्री वारा उलटला आणि बोट नांगराभोवती फिरून पश्चिमेला आली. नांगर जागच्या जागी होता.

मी काय केलं होतं? जेवणानंतर अॅप उघडून 'इथे नांगर आहे' हे बटण दाबलं. पण तेव्हा मी नांगरापासून सुमारे ४० मीटर लांब होतो! म्हणजे वर्तुळाचं केंद्रच चुकलं. वर त्रिज्या ५० मीटर. बोट फिरली की भोंगा वाजणारच होता.

मग मी दुसरी चूक केली. झोपेत त्रिज्या १०० मीटर केली आणि पडायला निघालो. मित्राने फोन हातातून घेतला. "वारा परत फिरला, बोट पूर्वेला गेली आणि तेव्हा नांगर सुटला, तर हा कधी वाजेल?" मी हिशोब केला. बोट जवळजवळ १०० मीटर वाहून गेल्यावर. त्या बाजूचं उथळ पाणी त्याच्या बरंच अलीकडे होतं.

माझी झोप तिथेच उडाली. ऑफिसात रात्रीच्या ड्युटीवर मी हेच केलं आहे. सर्व्हरचा अलर्ट सारखा वाजतो म्हणून मर्यादा वाढवायची. अलर्ट बंद होतो, आपल्याला वाटतं प्रश्न सुटला. खरं तर आपण फक्त ऐकणं बंद केलेलं असतं.

बरोबर आकडा कसा काढायचा?

आमचा त्या रात्रीचा हिशोब असा होता:

- नांगर टाकताना पाणी ५ मीटर. भरतीने आणखी २ मीटर वाढणार. पाण्यापासून बोटीचं पुढचं टोक १ मीटर वर. एकूण ८ मीटर.
- साखळी त्याच्या पाचपट सोडली, म्हणजे ४० मीटर. साखळी लांब असली की नांगरावर ओढ आडवी येते आणि तो रुतून राहतो.
- साखळी पूर्ण ताणली तर पायथागोरसप्रमाणे आडवं अंतर सुमारे ३९ मीटर.
- फोन पुढच्या टोकापासून ८ मीटर मागे. झाले ४७.
- मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत चुकतं. केंद्र ठरवताना एकदा, आत्ताची जागा बघताना एकदा. म्हणून आणखी १०.

एकूण ५७. आम्ही ६० ठेवली. आणि केंद्र? नांगर टाकला त्याच क्षणी मित्राने बोटीच्या पुढच्या टोकावरून जागेची खूण करून ठेवली होती, ती वापरली. पहाटेपर्यंत भोंगा वाजला नाही. या वेळी त्या शांततेला अर्थ होता.

तुम्ही लावाल तेव्हा

१. नांगर तळाला लागताच, टोकाशी उभं राहून खूण करा. नंतर नाही.

२. फोनचा बॅटरी सेव्हर त्या अॅपसाठी बंद करा. नाहीतर फोन मध्यरात्री अॅपच झोपवतो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. फोन चार्जिंगला ठेवा.

३. जीपीएस सिग्नल गेला तरी अलार्म वाजतो का, हे सेटिंगमध्ये बघा.

४. भोंगा वाजला तर आकडा बदलण्याआधी बाहेर या. किनाऱ्यावरचे एकामागे एक दिसणारे दोन दिवे झोपण्याआधी हेरून ठेवा. साखळीला हात लावा. नांगर घासत असेल तर ती थरथरते.

सकाळी जंजिऱ्यासमोर चहा घेताना मित्राने फोन परत दिला आणि म्हणाला, "आजपण तूच लाव." त्या रात्री मी आधी टोकाशी जाऊन उभा राहिलो, मग फोन खिशातून काढला.