कळलं का? की रेंज नाही?

कँटीनमध्ये कुणीतरी हळूच म्हणतं, "पाऊस येतोय." बाहेर मार्चचं कडक ऊन. तरी टेबलावरचे सगळे मोबाइल एका सेकंदात खिशात जातात, कारण दारातून एचओडी सर येत असतात. तुमच्या ग्रुपमध्ये पावसाऐवजी दुसरा शब्द असेल. पण आहे ना? असणारच!

आपण दिवसभर असंच तर बोलतो. "आज बसायचं का?" या प्रश्नाचा खुर्चीशी काही संबंध नसतो, आणि सोबत अंगठा ओठांकडे गेला की उरलीसुरली शंकाही फिटते. शाळेत करंगळी वर केली की बाईंना न बोलता कळायचं. पोलीस म्हणजे मामा. "चहापाण्याचं बघा" म्हणणाऱ्याला चहाही नको असतो आणि पाणीही. लाखाची पेटी आणि कोटीचा खोका. हा खोका तर २०२२मध्ये 'पन्नास खोके, एकदम ओके' या घोषणेतून थेट विधान भवनाच्या पायऱ्यांवर पोहोचला. शेंबड्या पोरालाही अर्थ कळला आणि त्या शब्दातलं गुपित तिथेच संपलं.

बोटांची बाराखडी

हे सगळं आपल्या पिढीनं शोधलं असं वाटत असेल, तर जरा थांबा. 'नेत्रपल्लवी' हा शब्द आपण डोळ्यांनी चाललेल्या गुलुगुलु गप्पांसाठी वापरतो. तिची बहीण 'करपल्लवी' ही मात्र हाताची अख्खी भाषा होती. हाताचा नागाचा फणा केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र केलं की च-वर्ग, पल्लव म्हणजे पालवी दाखवली की प-वर्ग. मग त्या वर्गातलं कितवं अक्षर, ते बोटांनी सांगायचं. पालवी दाखवून पाच बोटं उघडलीत की झाला 'म'! करून बघा, बोरिंग लेक्चरला उपयोगी पडेल. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. व्यापाऱ्या-दलालांची 'नंदभाषा' होती. आणि 'मला'चं 'चलाम' करणारी 'च'ची भाषा तर तुम्हीही शाळेत बोलला असाल.

म्हणजे गुपित बोलायची हौस जुनीच आहे. प्रश्न वेगळा आहे. ते गुपित नेमकं कुणापासून?

रुमालाखाली काय चाललंय?

हापूसच्या घाऊक व्यवहारात किंवा जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून भाव ठरवण्याची पद्धत तुम्ही ऐकली असेल. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, चेहरा मख्ख. बघायला भारी वाटतं, रील काढावंसं वाटतं. पण ज्याचा माल आहे तो शेतकरी शेजारी उभा असतो आणि आपल्याच आंब्याचा भाव त्याला दिसत नाही. बाजार समित्यांमध्ये उघड लिलावाचा आग्रह धरला जातो तो म्हणूनच.

असा रुमाल आमच्या ग्रुपकडेही होता. एफवायला असताना आमच्यात एक मुलगी नव्याने आली, लहान गावातून. तिला आमचे रेफरन्स कळायचे नाहीत. ती काही बोलली की आमच्यातलं कुणीतरी मोबाइल वर धरून म्हणायचं, "रेंज नाहीये गं." सगळे हसायचे. मीही हसायचे. पहिले काही दिवस तीही हसली, आपल्या फोनकडे बघून म्हणायची, "माझ्याकडे तर आहे." एक दिवस ती आली, बॅग ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "आज पण रेंज नसेल ना माझी?" कुणालाच काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्या टेबलावर बसायला लागली. मी सॉरी म्हणाले, पण पार सेमिस्टर संपताना.

शब्द लपवता येतो, सूर नाही लपत. जिच्याबद्दल बोलताय तिला शब्द उशिरा कळतो, हसणं लगेच कळतं. कट्ट्यावरून जाणाऱ्या मुलीला 'मार्क' देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा.

आडोसाही हवाच

मग सगळे कोड वाईट का? अजिबात नाही. "जरा मागे बघ ना" हे एका मैत्रिणीने दुसरीला म्हटलं की काय बघायचं ते आम्हा मुलींना सांगावं लागत नाही. आजीच्या काळात 'कावळा शिवला' म्हणायचे. या शब्दांनी आडोसा दिला, अडचणीला एकमेकींना सांभाळून घेतलं. पण त्याच शब्दांनी हेही शिकवलं, की 'पाळी' हा शब्द मोठ्याने उच्चारायचाच नाही. म्हणून तर मेडिकलवाला आजही सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून देतो. आडोसा कधी भिंत होतो ते कळत नाही, म्हणून अधूनमधून तपासायचा.

आणि एक खूण मात्र आज, आत्ता शिकून घ्या. तळहात समोरच्याकडे करा. अंगठा आत दुमडा. चार बोटं त्यावर मिटा. बस्स. अर्थ एवढाच, 'मला मदत हवी आहे'. लॉकडाऊनमध्ये घरातच अडकलेल्या बायकांना व्हिडिओ कॉलवर न बोलता सांगता यावं म्हणून २०२०मध्ये कॅनेडियन विमेन्स फाउंडेशनने ही खूण आणली. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एका कारमधून सोळा वर्षांची मुलगी ती करत होती. मागच्या गाडीतल्या माणसाला ती ओळखता आली, त्याने पोलिसांना फोन केला आणि मुलगी सुटली.

त्याला ती खूण माहीत नसती तर? त्याला वाटलं असतं, पोरगी हात हलवतेय. म्हणून ही एकच सांकेतिक भाषा अशी आहे, जी सगळ्यांना कळली पाहिजे. अशी खूण दिसली तर तिथल्या तिथे आरडाओरडा करू नका, समोरचा सावध होतो. शक्य असेल तर "मी फोन करू का?" असं हो-नाही उत्तराचं विचारा. जिवाला धोका दिसला तर ११२, महिलांसाठी १८१.

बाकी तुमचे कोड तुम्हाला लखलाभ. 'पाऊस येतोय' चालू दे, सरांनाही बहुतेक तो कळलाय. फक्त पुढच्या वेळी टेबलावर सगळे हसले की एकदा मान वळवून बघा. हसत नसलेलं कुणी आहे का तिथे?