सुवर्णपदकांच्या वहीतील न वाचलेली नावे

हॉकीचा विषय निघाला म्हणजे आपल्या घरांत बहुधा तीनच नावे घेतली जातात. मेजर ध्यानचंद, बलबीरसिंग आणि महाराष्ट्राचा म्हणून धनराज पिल्ले. १९२८ ते १९५६ या काळात भारताने ऑलिंपिकमध्ये सलग सहा सुवर्णपदके जिंकली. पुढे १९६४ आणि १९८० मध्ये आणखी दोन मिळवली. प्रत्येक संघात राखीव धरून पंधरा-वीस जण असत. त्यांतील बाकीचे कोण होते, हा प्रश्न एखाद्या नातवाने आजोबांना विचारला, तर पुष्कळ घरांत उत्तर मिळणार नाही.

मीरा रोड आणि भाईंदर येथे मात्र असे उत्तर देऊ शकणारी एक पिढी अजून आहे. आज येथे स्थिरावलेल्या अनेक व्यापारी कुटुंबांचे आधीचे आयुष्य काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव या भागांत गेले. पेढी तेथेच, घरही जवळच. काम आवरले की चर्चगेटला वानखेडेशेजारच्या हॉकीच्या मैदानावर पायी जाता येई. ज्याला चोविहार असे, तो सामना संपताच घराकडे धाव घेई. याच मैदानावर डिसेंबर १९८१ च्या अखेरीपासून १२ जानेवारी १९८२ पर्यंत पुरुषांची विश्वचषक स्पर्धा भरली. अंतिम सामन्यात पाकिस्तानने पश्चिम जर्मनीचा ३-१ असा पराभव केला आणि भारत पाचव्या स्थानी राहिला. ते सामने पाहिलेले प्रेक्षक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. सकाळी उद्यानात फेरी झाल्यावर बाकावर गप्पा रंगल्या, की ध्यानचंदांवर फार वेळ जात नाही. ते सर्वांनाच ठाऊक असतात. खरी रंगत येते ती कोणी एखादे विस्मृतीतले नाव काढले म्हणजे. अशीच काही नावे येथे एकत्र केली आहेत.

दोन जागांचा खर्च

भारतीय हॉकीची ऑलिंपिक यात्रा मुंबईच्या बंदरातूनच सुरू झाली. मार्च १९२८ मध्ये ‘कैसर-इ-हिंद’ या बोटीने संघ ॲमस्टरडॅमकडे निघाला. निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाशी एक सामना झाला आणि त्यात भावी विश्वविजेते ३-२ असे हरले. त्यामुळे की काय, निरोप द्यायला धक्क्यावर जेमतेम तीन माणसे होती. दोघे हॉकी महासंघाचे पदाधिकारी आणि एक पत्रकार, असे ध्यानचंद यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

त्याच पुस्तकात व्यापारी वाचकाने थांबून वाचावी अशी आणखी एक गोष्ट आहे. प्रवासखर्चात पंधरा हजार रुपयांची तूट पडली होती. दोन खेळाडूंना मागे ठेवावे लागेल, अशी वेळ आली. एक मध्य प्रांताचे आर. ए. नॉरिस आणि दुसरे बंगालचे शौकत अली. शेवटी बंगालच्या हॉकीप्रेमींनी तूट भरून काढली आणि दोघेही बोटीवर चढले. संघाने तेथे एकूण २९ गोल केले आणि आपल्यावर एकही होऊ दिला नाही. २६ मे १९२८ रोजी यजमान हॉलंडला ३-० असे हरवून भारताने पहिले सुवर्णपदक मिळवले. परतल्यावर त्याच मुंबईच्या धक्क्यावर स्वागतासाठी गर्दी लोटली. त्या गर्दीत ज्यांनी हार घातले त्यांची आठवण राहिली. तूट भरणाऱ्यांची नावे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत. नॉरिस आणि शौकत अली यांचीही तीच गत झाली.

खडकीचे निमल

धनराज पिल्ले खडकीचे, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या जन्माच्या तीन दशकांपूर्वी खडकीचाच एक खेळाडू ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आला होता, हे पुणेकरांपैकीही थोड्यांना माहीत असेल. त्यांचे नाव बाबू नरसू निमल.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनमध्ये भारत विरुद्ध जर्मनी असा अंतिम सामना झाला. आदल्या दिवशीच्या पावसाने तो एक दिवस पुढे गेला होता. स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात याच जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले होते, म्हणून सगळ्यांच्या मनावर दडपण होते. मध्यंतराला भारताकडे केवळ एका गोलाची आघाडी होती. उत्तरार्धात ध्यानचंद यांनी बूट काढून ठेवले आणि सामना ८-१ असा संपला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. त्या दिवशी ध्यानचंदांच्या मागे मधल्या फळीत तिघे उभे होते. उजवीकडे निमल, मध्ये कलन आणि डावीकडे गॅलिबार्डी.

त्या काळच्या रचनेत पुढे पाच, मध्ये तीन, मागे दोन आणि शेवटी गोलरक्षक असे खेळाडू असत. मधल्या तिघांचे काम दुहेरी. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला वाटेतच मोडायचा आणि चेंडू हिसकावून पुढच्यांच्या काठीपर्यंत पोचवायचा. गोल झाला की नाव लागे ते शेवटच्या फटक्याचे. सामना सुरू झाल्यावर खेळाडू बदलण्याची सोयही तेव्हा नव्हती. दुखापत झाली तरी मैदान सोडायचे नाही, नाही तर संघ दहावर येई. त्या स्पर्धेत भारताने ३८ गोल केले. ते करणाऱ्यांपर्यंत चेंडू नेणाऱ्यांच्या श्रमाची नोंद धावफलकावर कोठेच होत नसे. मालाची जुळवाजुळव करणारा मुनीम आणि गिऱ्हाइकासमोर बसणारा शेठ यांच्यातला फरक ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना निमल यांचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

मुंबईकर सुवर्णवीर

स्वातंत्र्याला एक वर्ष पूर्ण होण्यास तीन दिवस असताना, १२ ऑगस्ट १९४८ रोजी, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर भारताने ब्रिटनला ४-० असे हरवले. बलबीरसिंग यांचे दोन गोल सगळ्यांच्या लक्षात राहिले. चारापुढच्या त्या शून्याचे श्रेय ज्यांना जाते, ते गोलरक्षक लिओ पिंटो मुंबईचे होते. ज्यांनी दीडशे वर्षे राज्य केले त्यांच्याच राजधानीत त्यांना एकही गोल करू दिला नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

त्यानंतरचे गोविंद पेरुमल हेही मुंबईकडून खेळणारे, मधल्या फळीतलेच. १९५२ च्या हेलसिंकी आणि १९५६ च्या मेलबर्न अशा दोन्ही विजयी संघांत ते होते. दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेला हा मुंबईकर खेळाडू आज मुंबईतल्या किती शाळकरी मुलांना ठाऊक आहे?

रौप्यपदकाचे दुःख

१९६० चे रोम ऑलिंपिक जुन्या रसिकांच्या बोलण्यात नेहमी दबक्या आवाजात येते. ९ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला १-० असे हरवले आणि बत्तीस वर्षांची अजिंक्यता संपली. ज्यांनी रेडिओवरून ती बातमी ऐकली, त्यांच्या दृष्टीने तो पराभवच होता. रौप्यपदक मिळाले, असे कोणी म्हणाले नाही.

याच संघाच्या यादीत दोन आडनावे आहेत, जी वाचताच मराठी माणूस थबकावा. गोविंद सावंत आणि शांताराम जाधव. सोबत मुंबईचे जोसेफ अँटिकही होते. आपल्या हॉकीच्या सुवर्णकाळात मराठी नावे क्वचितच आढळतात. एकाच संघात दोन आली, आणि नेमके तेच वर्ष लोकांनी विसरायचे ठरवले. आज एखाद्या खेळाडूने रौप्यपदक आणले, तर विमानतळापासून घरापर्यंत मिरवणूक निघते. सावंत आणि जाधव यांच्या वाट्याला हरलेल्या संघातले खेळाडू एवढीच ओळख आली. व्यवहारात एका वर्षीचा तोटा म्हणजे पेढी बुडाली असे कोणी मानत नाही. खेळाच्या बाबतीत मात्र आपण तो विवेक दाखवला नाही.

चार वर्षांनी, २३ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियोमध्ये मोहिंदरलाल यांच्या एकमेव गोलावर भारताने पाकिस्तानकडून ते सुवर्णपदक परत मिळवले. त्या विजयी संघात बेळगावचे बंडू पाटील होते. सीमाभागातील मराठी मुलुखाने ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिल्याची ही घटना पाठ्यपुस्तकात असावयास हवी होती.

क्वालालंपूरचा पहिला गोल

१९७५ च्या विश्वचषकाची उपांत्य लढत ही त्या पिढीची सर्वांत आवडती आठवण. यजमान मलेशिया २-१ ने पुढे, वेळ संपत आलेली, आणि बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या अस्लम शेर खान यांनी बरोबरी साधली. जादा वेळेत हरचरणसिंग यांनी विजयी गोल केला. पुढे १५ मार्च रोजी पाकिस्तानवर २-१ अशी मात करून भारताने आपला आजवरचा एकमेव विश्वचषक जिंकला.

अस्लम यांच्या त्या गोलावर तासभर बोलणारे रसिक आजही भेटतात. त्याच सामन्यात मलेशियाच्या पहिल्या गोलाची परतफेड कोणी केली, असे विचारले की मात्र बैठक शांत होते. तो गोल शिवाजी पवार यांचा होता. तो झाला नसता, तर अस्लम यांच्या गोलाने बरोबरी झालीच नसती. शेवटचा हप्ता भरल्याचा आनंद मोठा असतो हे खरे. परंतु आधीचे हप्ते भरले गेले नसते, तर त्याला अर्थ उरला नसता.

मुलींचा संघ

१९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील पुरुषांचे सुवर्णपदक आपल्या स्मरणात आहे. मुंबईचे एम. एम. सोमय्या आणि मर्विन फर्नांडिस त्या संघात होते. त्याच मॉस्कोत ऑलिंपिकच्या इतिहासात प्रथमच महिलांची हॉकी झाली आणि तेथे भारतीय मुलींचाही संघ खेळला, ही गोष्ट मात्र घरातल्या आज्यांनाही ठाऊक नसते.

स्पर्धेत सहा संघ होते आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे होते. भारताने ऑस्ट्रियाला २-० आणि पोलंडला ४-० असे हरवले. पुढे जे सुवर्णविजेते ठरले, त्या झिम्बाब्वेशी १-१ अशी बरोबरी केली. चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएत संघाकडून मात्र हार पत्करावी लागली. भारताचे पाच गुण झाले, सोव्हिएत संघाचे सहा. एका गुणाने कांस्यपदक हुकले.

या संघात पुण्याच्या रेखा मुंडफन होत्या, ज्या विवाहानंतर रेखा भिडे म्हणून परिचित झाल्या आणि ज्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्यातच जन्मलेल्या एलायझा नेल्सन होत्या. दोनच वर्षांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले. १९८३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मॉस्कोनंतर भारतीय महिलांना ऑलिंपिकचे मैदान पुन्हा दिसले ते थेट २०१६ मध्ये, रिओ येथे. छत्तीस वर्षांच्या त्या काळात किती मुलींनी काठी हाती घेऊन ती खाली ठेवली असेल! आपल्यापुढे कोणी गेले होते हे त्यांना कोणी सांगितले असते, तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते.

नोंद कोणी ठेवायची?

विस्मरणाची कारणे शोधणे कठीण नाही. दूरचित्रवाणी नव्हती. वृत्तपत्रात नावे छापली जात, ती इंग्रजी आद्याक्षरांनिशी. निमल यांच्या नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी एक मिळेल याची खात्री नसे. खेळाडू नोकरीसाठी रेल्वे, लष्कर वा एखाद्या कंपनीत जाई आणि खेळ संपला की कचेरीच्या हजेरीपटात मिसळून जाई. क्रिकेट वाढत गेले, तसे हॉकीचे प्रेक्षक कमी झाले. हे सारे खरे आहे. परंतु कारण सापडले म्हणून चूक दुरुस्त होत नाही.

आपल्या समाजात हिशेब चोख ठेवणे हा संस्कार मानला जातो. दिवाळीला नव्या चोपड्यांचे पूजन करताना जुन्या चोपड्या कोणी फेकून देत नाही. कोणाचे काही देणे राहिले तर नाही ना, हे आधी पाहिले जाते. निमल, पेरुमल, सावंत, जाधव, पाटील, पवार आणि मुंडफन यांचे देणे आपल्याकडे राहिले आहे. ते पैशांत फेडायचे नाही. त्यासाठी एवढेच करावे लागेल की घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवून त्यांनी पाहिलेले सामने, आठवणारे खेळाडू, मैदान, वर्ष हे सारे एखाद्या वहीत उतरवून घ्यावे. कपाटात जुने तिकीट, सामन्याची पत्रिका किंवा वृत्तपत्रातले कात्रण सापडले, तर रद्दीत देऊ नये. आणि चर्चगेटला काही कामानिमित्त जाणे झाले, तर मुलांना हॉकीच्या त्या मैदानापर्यंत नेऊन आणावे.

ध्यानचंद यांची आठवण ठेवायला राष्ट्र समर्थ आहे. २९ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्यांच्या मागे उजव्या बाजूला उभे राहिलेल्या खडकीच्या माणसासाठी असा दिवस नाही. येत्या २९ ऑगस्टला घरातल्या मुलांपुढे ध्यानचंदांचे नाव घेताना लगेच पुढे ‘आणि बाबू निमल’ असे म्हणावे. एवढे घराघरांत झाले, तरी जुन्या खात्यातली एक नोंद पुरी होईल.